विक्रोळीतला शरद आणि हौशी छायाचित्रकार

परदेशी गेलेल्या मुलाबाळांकडून सप्टेंबर सरता सरता जी छायाचित्रे हल्ली घरोघरच्या मोबाइलवर येऊ लागतात, त्यांतील फिनलंडसारख्या उत्तरेकडील देशाची पिवळीतांबडी वृक्षराजी, दवाने भिजलेल्या पायवाटा आणि भर दुपारीही लांबच लांब पडलेल्या सावल्या पाहून, कन्नमवार नगरात किंवा पार्कसाईटच्या चढावर राहणाऱ्या एखाद्या हौशी विक्रोळीकराला आपल्या हातातला कॅमेरा अगदीच निरुपयोगी वाटू लागला, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. आपल्याकडे पानगळीचा तो सोहळा नाही. आहे तो आश्विनातला उकाडा, अंगाला चिकटणारे कपडे आणि पावसाने काळ्या पडलेल्या भिंती. परंतु ज्या प्रकाशाचा त्याला हेवा वाटतो तो प्रकाश आपल्याकडेही पडतो. तिकडे तो दिवसभर रेंगाळतो आणि आपल्याकडे घाईघाईने येऊन निघून जातो, एवढेच. सबब, शरदात छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्याने यंत्र कोणते घ्यावे याची चौकशी करण्याआधी आपल्या दिनक्रमात त्या प्रकाशाची वेळ कोठे बसते याची तजवीज करावी, असे आमचे म्हणणे आहे, आणि पुढील बहुतेक सूचना या एकाच म्हणण्यातून निघालेल्या आहेत.

थोडा हिशेब मांडून पाहावा. हेलसिंकी ६० उत्तर अक्षांशावर वसलेले आहे आणि मुंबई १९ वर. ऑक्टोबरच्या २२ तारखेच्या सुमारास तेथील सूर्य ऐन मध्यान्हीही क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर चढतो, तर त्याच दिवशी आपल्याकडे तो ६० अंशांवर जाऊन माथ्यावर तळपतो. म्हणजे हेलसिंकीच्या सूर्याला अर्धा दिवस खर्चून जी उंची गाठता येते, ती विक्रोळीत सूर्योदयानंतर दीड तासाच्या आतच मागे पडते. ऑक्टोबरअखेर साडेसहाच्या सुमारास उजाडते. तेव्हा तेथून आठ वाजेपर्यंत वस्तूच्या एका अंगाला उजळून दुसऱ्या अंगाला छायेत ठेवणारा जो तिरपा, मवाळ प्रकाश मिळेल तो पहिला हप्ता, आणि सायंकाळी पावणेपाचपासून सव्वासहाच्या आत सूर्य मावळेपर्यंतचा तो दुसरा. मधल्या वेळात काढलेल्या चित्रांत माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, भिंतींचा पोत नाहीसा होतो आणि आकाश पांढरेफटक येते. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून घरातली कामे उरकावीत, किंवा घरातच छायाचित्रे काढावीत, ज्याविषयी पुढे लिहिले आहे.

आता कोणी म्हणेल की सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ तर नळाचे पाणी भरण्याची, डबे करण्याची, मुलांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवण्याची आणि लोकल गाठण्याची. त्यात छायाचित्रांसाठी फुरसत कोठून आणावी? आमचे उत्तर असे की हीच तर छायाचित्रांची सामग्री आहे. डब्याच्या झाकणावर चमकणारे ऊन, जिन्याच्या जाळीतून पायऱ्यांवर उतरलेली चौकटीचौकटींची सावली, दूधवाल्याच्या सायकलीला अडकवलेल्या पिशव्या, बसची वाट पाहत दप्तरावर बसून राहिलेले पोर, ही सगळी दृश्ये ज्या वेळी घडतात त्याच वेळी प्रकाशही उत्तम असतो, हा योगायोग दवडण्यासारखा नाही. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून छायाचित्रण करण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, जे वैद्यकीचा व्यवसाय करता करता काचेच्या पट्ट्यांवर चित्रे घेत. त्या काळचा अवजड सरंजाम लक्षात घेतला, म्हणजे स्टेशनाकडे नेहमीपेक्षा दहा मिनिटे आधी निघण्याचा आमचा आग्रह फार जाचक वाटू नये.

विक्रोळीच्या भूगोलाची एक खुबी ध्यानात ठेवावी. पूर्वेस खाडी आणि तिवरांचा सपाट पट्टा असल्यामुळे उगवत्या सूर्याला अडवणारे तिकडे फारसे काही नाही. पश्चिमेस मात्र पवईच्या बाजूची टेकडी आहे, आणि तिच्या कुशीतल्या वस्त्यांवरचे ऊन पंचांगातल्या सूर्यास्ताची वाट न पाहता बरेच आधी निघून जाते. म्हणून पूर्वेकडील टागोर नगर, कन्नमवार नगर येथील राहणाऱ्यांनी सकाळ साधावी, आणि लालबहादूर शास्त्री मार्गापलीकडच्यांनी सायंकाळी डोंगराची सावली चढत येण्याआधी उंचावर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे, कारण त्या वेळी मावळतीचे ऊन त्यांच्या पाठीवरून सरळ खाडीपर्यंत जाते आणि खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगराची रांग त्यात उजळून निघते. हे दूरचे दृश्य सर्वांत स्वच्छ दिसते ते पाऊस सरल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत. नैर्ऋत्य मोसमी पावसाने मुंबईतून निघण्याची हवामान खात्याने धरलेली सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर वारे मंदावतात, धूळ-धूर खाली साचू लागतो आणि नोव्हेंबरात तर डोंगराची रांग आहे की नाही असा संशय यावा इतके धुरकट होते. तेव्हा दूरची चित्रे आधी आणि जवळची नंतर, हा क्रम ठेवावा. धुरकटपणाचाही एक फायदा असतो, की नोव्हेंबरातला सूर्य मावळताना नुसत्या डोळ्यांना सोसेल इतका लाल गोळा होतो; परंतु अशी चित्रे एकदा काढून झाली की पुरे, कारण एकासारखे दुसरे येते.

उन्हाच्या दिशेने तोंड करून चित्र काढताना मोबाइल हमखास घोटाळा करतो. समोर उजेड फार, माणसे काळोखात, अशा वेळी यंत्र सरासरी काढते आणि त्या सरासरीत ना आकाश धड राहते ना चेहरे. पडद्यावर उजळ भागाला बोट लावावे, बाजूला जी सूर्याची खूण दिसते ती खाली ओढावी आणि माणसे निव्वळ आकृती म्हणून काळी पडू द्यावीत. स्टेशनाच्या पादचारी पुलावरून सकाळी उतरणाऱ्या गर्दीचे चित्र याच रीतीने साधते. चेहरे हवे असतील तर आपण उन्हाला पाठ देण्याऐवजी ते आपल्या एका खांद्यावरून येईल असे उभे राहावे. आणि या सर्वांच्या आधी, शर्टाच्या खिशातून काढलेल्या मोबाइलचे भिंग मऊ सुती फडक्याने पुसावे. आश्विनातल्या घामट हातांचे तेल त्या इवल्याशा काचेवर बसलेले असते, आणि दिव्यांभोवती जी धुरकट वलये पाहून लोक नवा मोबाइल घेण्याचा विचार करू लागतात ती पुष्कळदा त्या तेलाचीच असतात.

आता नवरात्राकडे येऊ, कारण नवशिक्याला धीर, चौकट आणि प्रकाश या तिन्हींचा धडा एकदम देणारा दुसरा पाठ आम्हाला ठाऊक नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, भांडवल पुरवणाऱ्यांना चलच्चित्राची करामत पटवून देण्यासाठी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडथोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला होता. ज्याच्या घरी घट बसतो, त्याच्याकडे हा सगळा देखावा आयता मांडलेला असतो. प्रतिपदेला पत्रावळीवर किंवा परडीत माती पसरून सात धान्ये पेरायची, मध्ये घट ठेवायचा आणि नऊ दिवस पाणी शिंपडायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला तडे जाऊन पांढरट कोंब डोकावतात, पुढे गहू सरळ उभा वाढतो, कडधान्ये वाकडीतिकडी होऊन वर येतात, आणि देवघरात उजेड कमी असल्यामुळे रोपे हिरवी होण्याऐवजी पिवळसर राहून खिडकीच्या दिशेने झुकतात.

हे टिपण्याची रीत अशी. देवघरासमोर जमिनीवर खडूने एक खूण करावी आणि तेथे पाट ठेवून त्यावर, पुस्तकांचा टेकू देऊन, मोबाइल आडवा उभा करावा. मोबाइल रोज त्याच खुणेवर, त्याच उंचीवर आणि त्याच वेळी ठेवावा. वेळ शक्यतो सकाळची, खिडकीचा उजेड पुरेसा असतानाची धरावी. नळीचा दिवा बंद ठेवावा, कारण खिडकीच्या उजेडाचा रंग एक आणि दिव्याचा दुसरा, आणि दोन्ही मिसळले म्हणजे माती एका बाजूने निळी व दुसऱ्या बाजूने पिवळी येते. समईची ज्योत चौकटीत आली तर बिघडत नाही. तिच्यावर बोट लावून प्रकाशमान ठरवू मात्र नये, नाहीतर बाकीचे सगळे काळेकुट्ट होईल. बोट लावायचे ते मातीवर, आणि बहुतेक मोबाइलांत बोट दाबून धरले की ते मान कायम राहते. रोज एकच चित्र घेऊन भागत नाही. एक सबंध चौकटीचे आणि एक कोंबांच्या अगदी जवळ जाऊन, अशी दोन घ्यावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना देवासमोर मोबाइल मांडणे खटकत असेल तर त्यांची परवानगी आधी घ्यावी, आणि ती न मिळाल्यास एका वाडग्यात तीच धान्ये पेरून खिडकीत ठेवावीत. शिकायचे ते त्यातही शिकता येते. नऊ दिवसांची चित्रे एकापुढे एक मांडली म्हणजे खूण अर्ध्या बोटाने चुकली तरी ती चूक कशी ओरडून सांगते, हे आपोआप कळते.

त्याच दिवसांत लोकलच्या डब्यांत आणि कार्यालयांत नवरात्राच्या नऊ रंगांची जी हौस चाललेली असते, तिची चित्रे काढणाऱ्यांना एवढेच सांगणे की एकाच रंगाच्या पंधरा साड्या एका ओळीत उभ्या करून काढलेले चित्र सर्वांकडे असते. त्याऐवजी त्या रंगाची ओढणी, पिशवी किंवा डब्याचे फडके इतर गर्दीत जेथे एकटे पडलेले दिसेल तेथे थांबावे. खंडेनवमीला छोट्या कारखान्यांतून यंत्रांची व हत्यारांची पूजा होते, रिक्षांना झेंडूच्या माळा चढतात. लेथ यंत्राच्या तेलकट चाकाला लावलेले हळदकुंकू हा विषय विक्रोळीसारख्या कामगारांच्या उपनगराला शोभणारा आहे. ज्या वस्तीत १९५१ साली देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या घडल्या आणि १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र तयार झाले, तेथल्या छायाचित्रकाराने सूर्यास्तांपेक्षा हत्यारांकडे अधिक लक्ष द्यावे, असे आमचे प्रांजळ मत आहे.

कोजागरीच्या चंद्राबद्दल लोकांची नेहमी निराशा होते. गच्चीवर मसाला दूध आटत असते, चंद्र डोक्यावर आलेला असतो, आणि मोबाइलमध्ये मात्र तो पांढऱ्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. कारण साधे आहे. चंद्राचा पृष्ठभाग भर उन्हात असतो आणि यंत्र मात्र रात्र समजून प्रकाश वाढवत बसते. हाताने मान बदलता येणारा कॅमेरा असेल तर आयएसओ १००, छिद्र एफ ११ आणि वेळ सेकंदाचा शंभरावा भाग, येथून आरंभ करावा. चंद्रावरचे डाग स्पष्ट उमटतात. परंतु असा चंद्र काळ्या पाटीवर एकटाच येतो, तो विक्रोळीचा आहे की वर्ध्याचा हे कळत नाही. खरा उपाय असा की पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, पूर्वेकडे मोकळी असलेली गच्ची गाठावी. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधीच खाडीच्या बाजूने वर येतो, समोरच्या इमारतींवर मावळतीचे ऊन अजून असते, आणि चंद्र, टाक्या, वाळत घातलेले कपडे व माणसे ही सर्व एकाच मानात बसतात.

हाच न्याय दिवाळीच्या आकाशकंदिलाला लागू आहे. पूर्ण अंधार पडल्यावर काढलेल्या चित्रात कंदील तेवढा दिसतो, खिडकी, कठडा, कंदील बांधणारा हात हे सर्व काळोखात बुडते. आणि उजेडात काढावा तर कंदील विझल्यासारखा दिसतो. सूर्य मावळल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी आकाश गडद निळे होते त्या वेळी कंदिलाचा आणि आकाशाचा प्रकाश तुल्यबळ असतो. आपल्या अक्षांशावर ही संधी फार अल्प असते. सूर्य मावळल्यापासून व्यवहाराला पुरेसा उजेड संपेपर्यंत येथे सुमारे २२ मिनिटे लागतात, आणि फिनलंडच्या दक्षिण भागात शरदात जवळजवळ दुप्पट. तेव्हा कंदील कोठे टांगला आहे, आपण कोठे उभे राहणार, कोणाला गॅलरीत उभे करणार, याचा बंदोबस्त आधी करून ठेवावा. आकाश निळे झाल्यावर तिपाई शोधायला माळ्यावर चढू नये. किल्ले बांधणाऱ्या पोरांची चित्रे मात्र किल्ला पूर्ण झाल्यावर न काढता चिखल कालवताना काढावीत, आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येण्यासाठी उकिडवे बसावे. गुडघे दुखत असतील त्यांनी मोबाइल उलटा धरून, भिंग खाली जमिनीलगत ठेवून, उभ्यानेच काम भागवावे.

घरातल्या छायाचित्रांबद्दल आधी जे राहिले ते येथे सांगतो. फराळाचे दिवस आले की स्वयंपाकघरात एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दिवा आणि मध्ये कढईची वाफ असते. दिवा मालवावा, खिडकी आपल्या एका बाजूला घ्यावी, आणि जी बाजू अंधारात राहील तेथे प्रकाश परतवण्यासाठी काही पांढरे उभे करावे. जुन्या कॅलेंडराची मागची बाजू चालते, आणि शेजारच्या खोलीत गोदरेजचे कपाट आरशासह असेल तर त्याचे दार किंचित उघडून खिडकीचा उजेड आत वळवता येतो. चकलीच्या सोऱ्यावर दाब देणाऱ्या हातांच्या शिरा, करंजीच्या कडेला मुरड घालणारी बोटे, परातीत उरलेल्या पिठावर उमटलेले ठसे, ही चित्रे दोन फुटांवरून घ्यावीत. कोणी पदर सावरून “थांब, नीट उभी राहते” म्हणू लागले तर ते एक चित्र त्यांच्या समाधानासाठी घ्यावे, आभार मानावेत, आणि त्या पुन्हा कामात गढून गेल्या की मग आपले काम सुरू करावे.

खाडीचा विषय विस्ताराने लिहिण्यासारखा आहे, कारण तिच्याविषयी उत्साह फार आणि माहिती थोडी, अशी स्थिती दिसते. रोहित पक्ष्यांच्या नावाने लोक ऑक्टोबरपासूनच लांब पल्ल्याची भिंगे भाड्याने आणतात. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या ठाणे खाडीत त्यांचे थवे खरोखर भरू लागतात ते थंडी पडू लागल्यावर. तेव्हा त्यांच्यासाठी शरद वाया घालवू नये. पुढे केव्हा जायचेच झाले तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नावा सुटतात, त्यांची जागा आधी राखून ठेवावी. विक्रोळीच्या बाजूचा तिवरांचा विस्तीर्ण पट्टा गोदरेजच्या मिळकतीत आहे. त्याच्या रक्षणाचे काम अनेक दशके चालू असून १९८५ साली तेथे सूनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावाने सागरी परिसंस्थेचे केंद्र स्थापन झाले. तेथे पूर्वपरवानगीवाचून प्रवेश नाही, आणि कुंपणाच्या फटीतून शिरण्याचा मोह कोणी धरू नये.

परवानगी मिळाली, किंवा खाडीकाठी इतरत्र मोकळी जागा सापडली, तरी ओहोटीची वेळ न पाहता जाणे म्हणजे कुलूप लावलेल्या घरी पाहुणे जाण्यासारखे आहे. कोकणातल्या दर्यावर्दींचा जुना शिरस्ता असा, की तिथीला तिनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे भरतीची अंदाजी वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, याप्रमाणे. आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत यास थोडा विलंब लागतो. या हिशेबाने अष्टमीला सकाळ-संध्याकाळ पाणी चढलेले आणि चिखल उघडा पडायचा तो भर दुपारी. उलट पौर्णिमा वा अमावास्येनंतरच्या प्रतिपदा, द्वितीया, तृतीया या दिवशी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान ओहोटी आणि तिरपे ऊन यांची गाठ पडते. कोजागरीनंतरची द्वितीया याकरिता मुद्दाम राखून ठेवावी. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरील कोष्टक एकवार ताडून पाहावे, कारण शिरस्ता झाला तरी तो अंदाजच.

तेथे गेल्यावर पाहायचे काय? तिवराची श्वसनमुळे चिखलातून ताठ वर आलेली असतात आणि सकाळच्या उन्हात प्रत्येकाची सावली त्याच्या अनेकपट लांब पडते. थोडे उंचावरून, सूर्य समोर पण चौकटीबाहेर ठेवून पाहिले तर ओला चिखल रुपेरी होतो आणि मुळे त्यावर अक्षरांसारखी उठून दिसतात. मग एखाद्या पानाजवळ जावे. हे झाड खारे पाणी पिऊन जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते, आणि उन्हाने दव सुकत आले की पानावर मिठाचे बारीक कण चमकू लागतात. ऊन बाजूने घेऊन, पान हाताने न हलवता, मोबाइल चार बोटांवर आणला तर ते सुटेसुटे दिसतात. यासाठी महागड्या भिंगाची गरज नाही. ज्यांना पक्षीच हवे असतील त्यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाहावे: शेपटी खालीवर हलवत फिरणारा धोबी आणि तारांवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्या याच दिवसांत उत्तरेकडून येऊन दाखल होतात, आणि आपण हालचाल न करता बसून राहिलो तर धोबी पुष्कळ जवळ येतो.

यंत्रांच्या निगेविषयी थोडक्यात. पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ऑक्टोबराच्या आरंभीच ते उजेडासमोर धरून तपासावे. चामड्याच्या पेटीत व अंधाऱ्या कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि आठवड्यातून एकदा हवेशीर उजेडात काढावे. वातानुकूलित लोकलमधून किंवा कार्यालयातून बाहेर पडल्याबरोबर भिंगावर वाफ धरते. ती पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा पिशवीतच दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावा.

परवानगीचा प्रश्न अनेकांना नकोसा वाटतो. कारखाने, संरक्षित जागा, खासगी आवारे येथे लेखी परवान्यावाचून कॅमेरा काढू नये. रेल्वेच्या हद्दीत कोणी अधिकाऱ्याने हरकत घेतली तर वाद न घालता तो आत ठेवावा, आणि फलाटाच्या कडेला पाठमोरे उभे राहून चौकट साधण्याचे धाडस तर कदापि करू नये. फेरीवाले, सफाई कामगार, नाक्यावर कामासाठी उभे असलेले मजूर यांची चित्रे घेण्यापूर्वी दोन शब्द बोलावेत, “काका, एक फोटो काढू का?” एवढे पुरते, आणि नकार आला तर तो बिनतक्रार मान्य करावा. मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. काढलेले चित्र त्या माणसाला दाखवावे व शक्य तर छापून नेऊन द्यावे. दुसऱ्या खेपेस तोच माणूस आपल्याला चांगली जागा दाखवतो.

हे सर्व कशासाठी करायचे, याचे विक्रोळीपुरते एक रोखठोक कारण आहे. सरकारी कागदोपत्री ज्याचा उल्लेख अजूनही मौजे हरियाली असा होतो, त्या मुलखात १९६२-६३ साली मुख्यमंत्री असलेल्या मारोतराव कन्नमवारांच्या नावाने जी वसाहत उभी राहिली, तिच्या कमी मजल्यांच्या इमारती पुनर्विकासात एकामागून एक पाडल्या जात आहेत. सामायिक व्हरांडे, दोन इमारतींमधील मोकळी जागा जेथे भोंडल्याचा पाट मांडला जाई, तळमजल्यावरच्या दारापुढची तुळस आणि बाकडे, यांची जागा वाहनतळाचे मजले घेत आहेत. नव्या घरात राहायला जाणाऱ्याचे सुख खोटे नाही आणि गळक्या छताविषयी हळहळण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. परंतु घर रिकामे करण्याची मुदत ज्यांच्या हातात पडली आहे त्यांनी हा शरद दवडू नये. प्रथम इमारतीची चारही अंगे सकाळ-सायंकाळच्या उन्हात घ्यावीत. मग जिना, मीटरच्या पेट्या, नावांच्या पाट्या, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा. मग प्रत्येक बिऱ्हाड आपल्या दारात उभे करून, एकाच अंतरावरून. सुंदर येण्याची चिंता येथे करू नये. सरळ, स्पष्ट आणि सर्व कडा दिसतील असे चित्र हवे.

आणि नोंद ठेवावी. १९१९ साली जालियनवाला बागेच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा मुंबईचे नारायण विनायक विरकर यांनी टिपल्या, त्या आज पुरावा म्हणून उभ्या राहतात, कारण ती भिंत कोणती आणि साल कोणते हे चित्राबरोबर टिकून राहिले. आपली चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली की आकाराने लहान होतात आणि त्यांच्या पोटातली तारीख-वेळेची माहितीही पुसली जाते. म्हणून मूळ प्रत पाठवायची झाल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, आणि एक प्रत घरातल्या वेगळ्या साधनावर, दुसरी दुसऱ्या घरी ठेवावी. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस दहा-बारा चित्रे निवडून नाक्यावरच्या स्टुडिओतून कागदावर छापून घ्यावीत. मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे माणसांची नावे, इमारतीचा क्रमांक, मजला, तिथी व तारीख लिहावी. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि ज्यांची नावे आठवत नसतील त्यांच्याबद्दल वरच्या मजल्यावरच्या आजींना त्याच आठवड्यात विचारून घ्यावे, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नये.